गाडी चालवता येऊ लागल्यावर शिकायच्या गोष्टी

माझ्या भाचीला पक्कं लायसन मिळालं त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, आता मला गाडी येते." येत होतीच. क्लच अलगद सुटत होता, रिव्हर्स जमत होती, चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही राजेंद्र नगरहून अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाऊन आलो. तेवढ्यात तीन वेळा मागच्या माणसाला करकचून ब्रेक दाबावा लागला. तिने एकही सिग्नल मोडला नव्हता, वेगही जास्त नव्हता. पण ती कुठे वळणार, कधी थांबणार हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

इंदूरच्या रस्त्यांवर मी अठ्ठावीस वर्षं गाडी चालवते आहे. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याचा पुढचा बेत आजूबाजूच्या सगळ्यांना आधी कळतो आणि दुसऱ्याचं चुकलं तर सावरायला ज्याच्याकडे जागा उरलेली असते, तो चांगला चालक. रस्त्यावरचं सौजन्य याच दोन गोष्टींतून येतं, आणि लक्ष उडालं की सगळ्यात आधी याच दोन गोष्टी जातात. पुढे लिहिलं आहे ते पुढच्या दोन महिन्यांत भाचीला ज्या क्रमाने शिकवलं, त्याच क्रमाने.

चावी फिरवण्याआधी

आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा. पाठ सीटला टेकवून हात समोर सरळ केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. नवी मुलं स्टेअरिंगला बिलगून बसतात, कारण बॉनेटचं टोक दिसलं की त्यांना धीर येतो. पण तसं बसलं की नजर जवळच्याच रस्त्यावर अडकते आणि हात वळवायला जागा राहत नाही. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या उंचीला आणा. मागून धक्का बसला तर मान वाचते ती त्यामुळेच.

मग आरसे. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाहेरच्या दोन्ही आरशांत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता. बहुतेकांच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी दिसते आणि तेवढा रस्ता वाया जातो. भाचीला मी सीटवर बसवलं आणि गाडीच्या मागून उजव्या बाजूने हळूहळू पुढे चालत आले. "दिसतेस... दिसतेस... अगं, गेलीस कुठे?" मागच्या दरवाज्याशी, तिच्यापासून दोन हातांवर, मी उभी होते. कुठल्याच आरशात मी नव्हते. लेन बदलताना मान का वळवायची, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. हा प्रयोग घरच्या कुणाला तरी घेऊन नक्की करून बघा, पाच मिनिटं लागतात.

पायाशी काही लोळत नाही ना, ते बघा. पाण्याची बाटली ब्रेकच्या खाली गेली तर ब्रेक दाबला जात नाही. बाटली दरवाज्याच्या खणात, पर्स मागच्या सीटच्या पायाशी, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. किती भरायची तो आकडा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी बघून घ्या. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बदलायचाच.

सीटबेल्ट मागच्यांनीसुद्धा. आजीला पट्टा पोटावर काचतो अशी तक्रार असेल तर तो खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घ्यायला शिकवा. तिथे तो काचत नाही, आणि त्याची खरी जागाही तीच.

नजर कुठे ठेवायची

नवा चालक पुढच्या गाडीचा बंपर बघतो. तुम्ही पुढच्या गाडीच्या काचेतून तिच्याही पुढचं बघा. दोन-तीन गाड्या सोडून कुणाचे ब्रेकचे लाल दिवे लागले की तुमचा पाय तेव्हाच ॲक्सिलरेटरवरून उठला पाहिजे. बऱ्याचदा मग ब्रेक दाबायची वेळच येत नाही.

दर पाच-सात सेकंदांनी आरशात एक नजर. मागे काय आहे ते गरज पडल्यावर बघायचं नसतं, आधीपासून माहीत असावं लागतं.

आपल्या शहरात ई-रिक्षा हा मोठा अभ्यासाचा विषय आहे. ती कधी थांबेल ते तिच्याकडे बघून कळत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडे बघा. हात वर झाला की रिक्षा तिथेच, त्याच क्षणी डावीकडे येणार. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना चाकांकडे बघा: पुढची चाकं वळलेली असतील तर ती गाडी निघण्याच्या बेतात आहे. आत डोकं दिसलं तर दरवाजा उघडणार असं धरून चाला. थांबलेल्या सिटी बसच्या पुढून कुणीतरी धावत येणारच. बसच्या खालून पलीकडचे पाय दिसतात, ते बघायची सवय लावा.

अंतर आणि वेग

पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश "एकशे एक, एकशे दोन" म्हणा. हे म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. हे झाले दोन सेकंद. पावसात आणि रात्री चार.

सेकंदच का मोजायचे? कारण मीटर नजरेने मोजता येत नाहीत. ताशी ४० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. पुढचा थांबला हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एखादा सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला जे अंतर लागतं ते वेग दुप्पट झाला की चौपट होतं. ३० चे ६० केले तर दुपटीने घाई झाली असं वाटतं, रस्ता मात्र चौपट लागतो. देशात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजारांहून जास्त रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या बहुतेक मृत्यूंमागे अतिवेगच नोंदलेला आहे.

एक आक्षेप नेहमी येतो: "एवढं अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतंच." घुसू द्या. पाय थोडा उचला, पुन्हा दोन सेकंद होतात. पलासियाहून विजयनगरपर्यंत दहा जण मध्ये घुसले तरी तुम्हाला मिनिटभरही उशीर होत नाही. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं लांब थांबा. पुढची बंद पडली तर बाजूने काढता येते, मागून ॲम्ब्युलन्स आली तर सरकायला जागा राहते.

आपला बेत सांगायचा

क्रम असा: आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग स्टेअरिंग. वळता वळता लावलेला इंडिकेटर कुणाच्याच उपयोगाचा नसतो, वळताय ते तेव्हा दिसतच असतं. शहरात वळण्याच्या तीस-चाळीस मीटर आधी तो लागला पाहिजे. भाचीला मी एकच सांगितलं होतं: इंडिकेटर लावल्यावर मनात तीन आकडे मोजायचे, तोवर हात हलवायचा नाही.

चारही इंडिकेटर एकदम लावून चौराहा सरळ पार करायची एक चुकीची रीत आपल्याकडे पडली आहे. डावीकडच्याला तुमचा फक्त डावा दिवा दिसतो, त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय. उजवीकडच्याला उलट वाटतं. सरळ जायचं असेल तर कुठलाच दिवा लावायचा नाही. चारही दिवे गाडी बंद पडून रस्त्यात उभी असेल तेव्हासाठी आहेत. मुसळधार पावसात चालत्या गाडीवरही ते लावू नयेत, कारण मग तुमचा खरा इंडिकेटर कुणाला कळत नाही.

अप्पर-डिपरचा, म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करण्याचा, अर्थही समजून घ्या. आपल्या रस्त्यांवर समोरच्याने अप्पर मारला की त्याचा अर्थ "मी येतोय, थांब" असा असतो. काही लोक "तुम्ही जा" म्हणूनही दिवा मारतात. म्हणून दिव्यावर विसंबून कधीही निघू नका. समोरची गाडी खरोखर हळू होते आहे का, ते बघा.

चौराहे, गल्ल्या आणि माणसं

गोल चौराह्यावर जो आधीच गोलात आहे त्याचा हक्क पहिला. सिग्नलवर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबायचं, झेब्रा पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा. सरळ जायचं असेल तर डाव्या लेनमध्ये उभं राहून डावीकडे वळणाऱ्यांची वाट अडवू नका. पुढे गाड्या तुंबलेल्या असतील तर हिरवा असूनही चौराह्याच्या पोटात शिरू नका. पिवळा दिवा लागला की थांबायची तयारी. मागचा अगदी जवळ असेल तरच निघून जा, आणि तो जवळ आहे का हे आरशामुळे तुम्हाला आधीच माहीत असेल.

आता गल्लीतली एक गोष्ट, कारण माझ्या मते माणूस कसा चालक आहे हे गल्लीत कळतं. रामबागेत सकाळी कचरागाडी येते. एके दिवशी गाडीमागे मी, माझ्या मागे एक मोठी पांढरी गाडी. पुढे एक आजी दोन्ही हातांत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन ओट्याच्या तीन पायऱ्या उतरत होत्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मागच्याने हॉर्न दिला. आजी दचकल्या आणि घाईने पाय टाकायला गेल्या. कचरागाडीवरच्या मुलाने उडी मारून डबे धरले, नाहीतर त्या पडल्याच होत्या. त्यानंतर किती वेळ लागला? माझ्या गाडीतल्या घड्याळात मिनिटसुद्धा बदललं नाही. २०१७ पासून स्वच्छतेत या शहराने देशात नाव कमावलं ते अशा आजींच्या जिवावर, आणि आपल्याला त्यांच्यासाठी अर्धं मिनिट थांबता येऊ नये?

तर हॉर्न. "मी इथे आहे" एवढंच सांगायला तो आहे. आंधळ्या वळणावर, आरशात न बघता मागे येणाऱ्या गाडीला, मोबाईलमध्ये डोकं घालून रस्त्यावर उतरलेल्या मुलाला. एकदा, थोडकाच. रुग्णालय आणि शाळेपाशी नाही. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्याला दोन सेकंद द्या. त्याची गाडी बंद पडली असेल तर तुमच्या हॉर्नने ती चालू होत नाही, त्याचा हात मात्र थरथरतो.

अरुंद गल्लीत समोरासमोर आलात तर ज्याच्या मागे जागा आहे त्याने मागे घ्यावी. आधी कोण आलं हा वाद घालू नये. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं अवघड असतं.

डबक्याजवळ पायी चालणारा असेल तर गाडी जवळजवळ थांबवायची. गाडी उभी केल्यावर दरवाजा डाव्या हाताने उघडा. आपलं स्टेअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे डावा हात दरवाज्याकडे नेताना खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. डाव्या बाजूला बसलेल्यांनी उजव्या हाताने. राजवाडा-सराफ्याकडे जायचं असेल तर गाडी लांब लावून चालत जाणं हेच सौजन्य. तिथे कुणाच्या दुकानापुढे "पाचच मिनिटं" लावलेली गाडी सगळी वाट तुंबवते.

ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आधी आरशात बघा ती कुठून येते आहे, मग इंडिकेटर लावून डावीकडे सरका. घाबरून मध्येच थांबू नका. तिला वाट न देण्याचा दंड कायद्यात १० हजार रुपये आहे. आणि ती गेल्यावर तिच्या मागे गाडी लावून मोकळी वाट पकडणं अगदीच वाईट.

सौजन्याचीही मर्यादा असते, हे फार कमी लोक सांगतात. दोन लेनच्या रस्त्यावर तुम्ही थांबून एखाद्या बाईंना हाताने "या, या" केलंत, आणि शेजारच्या लेनमधून मोटारसायकल आली तर? तुम्ही थांबा, नक्की थांबा, पण हाताने बोलावू नका. त्यांचं त्यांना दोन्हीकडे बघू द्या. मागून वेगात गाड्या येत असताना कुणावर दया येऊन मध्येच ब्रेक मारणं हाही असाच प्रकार. आपला बेत सगळ्यांना कळेल अशीच मदत करावी.

एक चांगली रीत आपल्याकडे आहे आणि ती कधी जाऊ नये: "ताई, स्टँड!" किंवा "दुपट्टा, दुपट्टा!" असं ओरडून सांगणारा अनोळखी माणूस. स्कूटरचं स्टँड खाली राहिलं तर वळणावर ते जमिनीला लागून माणूस आडवा होतो, ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. काच खाली करून तेवढं सांगत जा.

फोन आणि बाकीच्या ओढी

हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अन्नपूर्णा रोड, सकाळचे साडेसात, रस्ता जवळजवळ मोकळा, वेग तीसच्या आसपास. फोन शेजारच्या सीटवर पालथा ठेवायचा तो उताणा राहिला होता. पडदा उजळला, मी फक्त नाव वाचलं. मान वर केली तर पुढे सायकलवर एक माणूस, हँडलला दोन पिशव्या. ब्रेक दाबला, तरी बंपर मागच्या चाकाला लागला आणि तो पडला. कोपर सोलवटलं, पिशवीतली मेथी रस्त्यावर पसरली. मी त्याला दवाखान्यात नेलं, मलमपट्टी झाली, हाड शाबूत होतं. तो मला म्हणाला, "होता है बहनजी." मला ते अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पायी गेले. फोनकडे बघितलं तेव्हा मी एका विजेच्या खांबाशी होते, ते आठवत होतं. तिथपासून धक्का लागला तिथपर्यंत मोजलं: बावीस पावलं. बावीस पावलं मी डोळे मिटून गाडी चालवली होती, आणि मला ते एका क्षणाएवढं वाटलं होतं. ताशी ३० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी १६-१७ मीटर जाते, हा हिशेब मी नंतर केला. पावलांनी तो आधीच सांगितला होता.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. फोन गाडी सुरू व्हायच्या आधी "व्यत्यय नको" वर जातो आणि मागच्या सीटवरच्या पर्समध्ये जातो. हाताला येईल अशा जागी ठेवलेला फोन हात शोधतोच. घरच्यांना सांगून ठेवलं आहे: मी गाडीत असेन तेव्हा फोन उचलणार नाही, पोचल्यावर करीन. फारच तातडीचं असेल तर दोनदा लागोपाठ करा, मी बाजूला थांबून बघेन. पहिल्या महिन्यात नातेवाईक रुसले, नंतर सवय झाली.

कायदाही स्पष्ट आहे. चालवताना हातात फोन धरला तर तो धोकादायक वाहन चालवण्यात मोडतो, दंड १ हजारापासून ५ हजारांपर्यंत आणि तुरुंगवासाचीही तरतूद. हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणून मॅप लागणार असेल तर पत्ता घरीच घाला, सगळा मार्ग एकदा बोटाने बघून घ्या, आवाज चालू करा आणि फोन स्टँडवर लावा, समोरच्या काचेतून रस्ता झाकणार नाही असा. एखादं वळण चुकलं तर चुकलं. सरळ पुढे जा, मॅप दुसरा रस्ता काढून देतो. बायपासवर सुटलेल्या फाट्यासाठी मध्येच ब्रेक मारणारी किंवा रिव्हर्स घेणारी माणसं मी बघितली आहेत. पुढच्या यू टर्नपर्यंतची काही मिनिटं त्यांना जिवापेक्षा महाग वाटली असावीत.

कानात लावून बोलणं चालतं का, असं सगळे विचारतात. हात मोकळे राहतात, डोळेही रस्त्यावर असतात, पण मन त्या घरात गेलेलं असतं जिथून फोन आला. शेजारी बसलेल्याशी बोलणं वेगळं. समोर बस आडवी आली की तोही गप्प होतो, कारण त्यालाही ती दिसते. फोनवरच्याला दिसत नाही, तो बोलतच राहतो. "गाडीत आहे, नंतर करते" एवढंच बोला आणि ठेवा.

मुलं मागे भांडत असतील तर आरशातून न्यायनिवाडा करू नका. डावीकडे थांबा, भांडण मिटवा, निघा. दोनदा असं केलं की त्यांना कळतं की भांडलं की गाडी थांबते. पोहे-जिलबीचा पुडा गाडीत उघडायचा नाही, उतरून खायचा. शेवेचा एक कण डोळ्याकडे उडाला तरी पुरे. गाण्यांची यादी निघण्याआधी लावा. आणि शेजारी बसणाऱ्यालाही काम द्या: फोन बघणं, रस्ता सांगणं ही त्याची जबाबदारी. झोपणं नाही.

मनातली ओढ सगळ्यात अवघड, कारण ती कुणाला दिसत नाही. भांडून निघालात, वाईट बातमी आली, रुग्णालयात कुणी आहे, अशा वेळी दुसऱ्याला चालवू द्या किंवा रिक्षाने जा. कुणी कट मारून गेला आणि राग आला, तर त्याच्या मागे लागू नका. मी त्या वेळी काच थोडी खाली करते, खांदे सैल सोडते आणि पुढच्या गाडीपासूनचे दोन सेकंद पुन्हा मोजायला लागते. मोजताना रागावता येत नाही. त्याला कदाचित खरंच घाई असेल, कदाचित नसेल, पण त्याचा हिशेब आपल्याकडे नाही.

दारूबद्दल एकच ओळ: थोडी घेतली तरी चावी दुसऱ्याकडे. झोपेबद्दल मात्र दोन. डोळे जड झाले की काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं याने काही होत नाही. ढाब्यावर किंवा पंपावर सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटं डोळे मिटा, चहा घ्या आणि मग निघा.

घाट, पाऊस आणि रात्र

महेश्वर असो, ओंकारेश्वर असो, इंदूरकराला माळव्याचं पठार कधी ना कधी उतरावं लागतं. सिमरोलच्या पुढचा भेरूघाट आणि आग्रा-मुंबई रस्त्यावर धामनोदकडे उतरणारा गणपती घाट जुन्या चालकांना चांगले ठाऊक आहेत. गणपती घाटात उतरताना ब्रेक निकामी होऊन ट्रकचे भीषण अपघात झाले आहेत. कारण साधं आहे: सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. वेग वाढला की ब्रेक थोडा दाबा आणि सोडा, त्यावर पाय ठेवून राहू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं तर घाटात कधीच नाही. उतरताना पुढे किंवा मागे ट्रक असेल तर त्याला भरपूर जागा द्या आणि त्याच्या बरोबर पुढे राहू नका. वळणावर एखाद्या ट्रकपाशी जळका वास आला तर समजा, त्याचे ब्रेक तापले आहेत.

पहिल्या पावसाने रस्ता सगळ्यात निसरडा होतो, कारण धूळ आणि सांडलेलं तेल वर येतं. पाण्याच्या थरावर स्टेअरिंग अचानक हलकं वाटलं तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाकं सरळ धरा, टायर पुन्हा रस्ता पकडतात. गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर संकटात ब्रेक जोरात दाबून धरायचा. पायाखाली तो थरथरतो, ती त्याची कामाची पद्धत, घाबरून पाय सोडायचा नाही.

रात्री आपल्या भागातला मोठा धोका म्हणजे मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या दिवसांत मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्या अंधारात भिंतीसारख्या उभ्या असतात. तुमचे दिवे जिथपर्यंत पोचतात तेवढ्या अंतरात थांबता येईल असाच वेग ठेवा. समोरून कुणी येत असेल तर डिपर द्या. त्याने अप्पर तसाच ठेवला तर त्याच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे बघा आणि वेग कमी करा. हिवाळ्यातल्या धुक्यातही डिपरच, अप्परने धुकं आणखी पांढरं होतं.

अपघात दिसला तर

गाडी पुढे, बाजूला लावा, चारही दिवे लावा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. जागा सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड, पंप किंवा मंदिर सांगा. दुचाकीवाल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, तोंडात पाणी घालू नका, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पोलिसांचं लफडं नको म्हणून लोक निघून जातात. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम आलं आहे. तुमचं नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही.

बोलत चालवायचं

शेवटी ज्याने भाचीचं चालवणं खरं बदललं ते सांगते. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, तिने जे जे दिसतं आहे ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. मी फक्त ऐकायचं. पहिल्या दिवशी ती फक्त "पुढे गाडी... सिग्नल..." एवढंच म्हणायची आणि मध्ये लांब लांब शांतता. शांतता म्हणजे लक्ष कुठेतरी गेलेलं, हे तिलाच ऐकू यायला लागलं. तुम्ही एकटे असाल तरी हे करता येतं.

गेल्या रविवारी सकाळी चोइथराम मंडीवरून जात होतो. ती बोलत होती: "पुढे भाजीचा टेम्पो, दोन सेकंद आहेत. आरशात स्कूटर, डावीकडून येतेय, येऊ दे. कडेला काका उभे, हात वर गेला, ई-रिक्षा थांबणार. पाय उचलला. उजवीकडे जाऊ का? आरसा, इंडिकेटर, एक, दोन, तीन, मान... नको, मागे ॲक्टिव्हा. जाऊ दे तिला." ॲक्टिव्हावरची मुलगी निघून गेली, ओढणी नीट खोचलेली होती. मग भाचीने पुन्हा इंडिकेटर लावला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.